पेरणीपूर्वी एक रानफेरी

पाखरे पाहत हिंडणे हा शहरातील सुखवस्तू लोकांचा छंद आहे. शेतकऱ्याला तेवढी सवड नाही आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याला तर ती मुळीच नाही, असे मत आपल्या बैठकींतून वारंवार ऐकावयास मिळते. रविवारी पहाटेच्या गाडीने वसईस उतरून तुंगारेश्वर अभयारण्याची वाट धरणारी, गळ्यात दुर्बीण अडकविलेली मंडळी पाहिली म्हणजे या मताला बळकटी येते. ती मंडळी दहा वाजेपर्यंत हिंडतात, वहीत पक्ष्यांची नावे टिपतात आणि जेवणाच्या वेळेस घरी परततात. पालघर किंवा बोईसर भागातील ज्या शेतकऱ्याला राब भाजावयाचा आहे, घर शाकारावयाचे आहे, बियाण्याची तजवीज करावयाची आहे, त्याला या मंडळींचे हसू आले तर त्यात नवल नाही. तथापि हे मत मला चुकीचे वाटते. आणि ज्याचे पीक किडीच्या तोंडी जाते त्यानेच ते बाळगावे, हे तर फारच महागाचे वाटते.

हे म्हणणे मी पुस्तकातून घेतलेले नाही. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतील एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर आपल्याकडे वाल घेतात. अशाच एका वालाच्या शेतात शेंड्यांवर काळा मावा दाटला होता आणि त्या माव्यातच काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, मगरीच्या इवल्या पिलासारख्या दिसणाऱ्या अळ्या तुरुतुरु फिरत होत्या. ही दुसरी कीड पहिलीहून वाईट, असे मी ठरविले आणि दोहोंवर मिळून औषध फवारण्यास सांगितले. बांधावर बसलेली त्या घरची म्हातारी म्हणाली, "साहेब, त्या अळ्या माव्याला खातात. दोन दिस थांबा." मी थांबलो नाही. फवारणी झाली. मावा गेला, अळ्याही गेल्या. पंधरा दिवसांत मावा परत आला, अळ्या मात्र आल्या नाहीत. त्या अळ्या ढालकिड्याच्या होत्या. ढालकिड्याचा लाल, ठिपक्यांचा भुंगेरा मी चित्रात पाहिलेला होता; त्याचे बालरूप मला ठाऊक नव्हते. म्हातारीला ते ठाऊक होते, कारण तिने ते डोळ्यांनी पाहिले होते.

तेव्हापासून माझे असे मत बनले आहे, की पीक-संरक्षणाचे शिक्षण औषधाच्या डब्यापाशी सुरू न होता रानाच्या कडेला सुरू झाले पाहिजे, आणि त्याला उन्हाळ्यासारखा दुसरा हंगाम नाही. आषाढ-श्रावणात खाचरात गुडघाभर चिखल असतो, वर पावसाची झड असते, आणि कीड दिसू लागली म्हणजे मन थाऱ्यावर राहत नाही. त्या वेळी आपला किडा कोणता व परका कोणता, हे शिकत बसण्यास कोणाला सुचणार? उन्हाळ्यात मात्र सागाची पाने गळालेली असतात, दृष्टी दूरवर जाते, पाणवठे आटून मोजकेच उरतात व रानातील पुष्कळशी पाखरे तेथे येतात. शिवाय कित्येक पक्ष्यांचा विणीचा हंगाम हाच. पिलांना भरविणारी जोडी दिवसभर काय वेचून आणते हे ज्याने तासभर बसून पाहिले, त्याला त्या पक्ष्याविषयी व्याख्यान देण्याची जरूर राहत नाही. दाणे टिपणारी चिमणी व सुगरण यादेखील पिलांच्या चोचीत बहुधा अळ्या आणि किडे घालतात, ही गोष्ट आपल्यातील किती जणांनी स्वतः पाहिली आहे?

या कामासाठी फार दूर जावे लागत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या पालघर जिल्ह्याच्या पश्चिमेस समुद्र, खाड्या व तिवरांची राने आहेत, पूर्वेस डोंगर आहेत आणि मध्ये लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस भातखाचरे, वाड्या व ताडांच्या रांगा आहेत. बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि किनाऱ्यावर १९६९ साली सुरू झालेले अणुविद्युत केंद्र असल्यामुळे परक्या माणसाला हा सारा मुलूख धुराड्यांचा वाटतो. परंतु बोईसरहून पूर्वेस महामार्ग ओलांडला की अशेरीगडाच्या पायथ्याचे रान लागते. पालघरहून मनोरकडे जाताना काळदुर्गाच्या कुशीत वाघोबाची खिंड आहे. दक्षिणेस वसई तालुक्यात तुंगारेश्वर अभयारण्य आहे. ते २००३ साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व तानसा अभयारण्य यांना सांधणारा तो दुवा आहे. डहाणू तालुका तर १९९१ सालापासून केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केलेला आहे. अभयारण्याची हद्द नकाशावर असते. कोतवाल, बगळा, चतुर यांना ती कळत नाही. रानात वाढलेले हे जीव आपल्या खाचरात येऊन कामाला लागतात आणि मजुरी मागत नाहीत.

फेरीला सकाळी साडेपाचाच्या सुमारास निघावे व नऊच्या आत परतावे. ऊन चढले की पाखरे सावली धरतात आणि माणसाचेही लक्ष लागत नाही. पायात जोडे असावेत, कारण आपल्या भागात फुरसे आहे व ते पालापाचोळ्यात दिसत नाही. अभयारण्यात जावयाचे तर वनचौकीवर रीतसर नोंद करावी. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. जे पक्षी आपल्या कामाचे आहेत ते बहुतेक सारे उघड्यावर बसणारे आहेत.

पहिला थांबा गावातल्या ताडाखालीच करावा. ताडाच्या वाळलेल्या, खाली लोंबणाऱ्या झावळ्यांच्या आतल्या अंगाला ताडपाकोळी आपल्या लाळेने पिसे चिकटवून इवलेसे घरटे करते. ही पाकोळी दिवसभर हवेतच असते आणि उडणारे बारीक किडे हवेतल्या हवेत टिपते. झावळ्या सगळ्याच साफ केल्या तर तिचे घर जाते. तसेच शेंडा मोडून उभा राहिलेला वठलेला ताड जळणासाठी तोडण्यापूर्वी त्याच्या ढोलीकडे थोडा वेळ पाहावे. तीत नीलपंखाची जोडी असेल तर ताड आणखी एक वर्ष राहू द्यावा. नीलपंख बसलेला असताना मळकट दिसतो आणि उडाला की निळा पंखा उघडल्यासारखा वाटतो. त्याचे भक्ष्य म्हणजे नाकतोडे, भुंगेरे आणि कधीमधी उंदराचे पिलू. ढोलीत पोपट असतील तर गोष्ट वेगळी, आणि चिकूच्या वाडीवाल्यांना ती मला सांगावयास नको.

पुढे ओढ्याच्या काठाला मातीची उभी दरड असेल तेथे बसावे. वेडा राघू अशा दरडीत हातभर लांब बीळ करून अंडी घालतो. हिरव्या रंगाचा, शेपटीत दोन लांब सुया असलेला हा पक्षी तारेवरून झेप घेतो, किडा पकडतो आणि परत त्याच जागी येऊन तो आपटून मारतो. मधमाश्या पाळणाऱ्यांची त्याच्याविषयी तक्रार आहे व ती खरी आहे. परंतु एकाच बैठकीत तो काय काय आणतो याची मोजदाद केली, तर माश्या, पतंग, चतुर, टोळ असा मिश्र बाजार दिसतो. याच काठावरच्या मऊ धुळीत नरसाळ्यासारखे बोटभर खड्डे दिसतील. खड्ड्याच्या तळाशी एक अळी दबा धरून असते व घसरून पडणारी मुंगी पकडते. पोरे तिला काडीने उकरून खेळतात. तिचे मोठे झालेले रूप चतुरासारखे चार जाळीदार पंखांचे असते, आणि माव्याच्या बंदोबस्तासाठी शेतात सोडला जाणारा क्रायसोपा हा याच कुळातील. पोरांचा हा खेळ मला फार मोलाचा वाटतो. त्यांना फक्त पुढचे नाते सांगावयाचे राहिले आहे.

उघड्या माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर जागच्या जागी उभे राहावे. तिची मातीच्या रंगाची अंडी पायाखाली येण्याचा संभव असतो. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, सखल जागी घातली तर कमी, असा समज आहे. हवामानशास्त्र त्याला मान्यता देत नाही आणि मीही त्यावर पेरणी ठरविण्यास सांगणार नाही. पण या समजामुळे कित्येक शेतकरी टिटवीच्या घरट्यावर लक्ष ठेवतात आणि नांगर बाजूने नेतात, हे मी पाहिले आहे. पावशाचेही तसेच. वैशाखात त्याचा 'पेरते व्हा' असा स्वर चढत जाऊ लागला की पाऊस जवळ आला असे आपण म्हणतो. तो स्वतः केसाळ सुरवंट खातो, जे इतर पक्षी सहसा टाळतात. जूनच्या तोंडावर काळा-पांढरा, तुरा असलेला चातक आणि गर्द झाडीत जमिनीवर पाने उलटीत हिंडणारा नवरंग हे पाहुणे दाखल होतात. नवरंगाची शीळ पहाटे व तिन्हीसांजेला ऐकू येते. तो दिसण्यास मात्र भाग्य लागते.

परतीच्या वाटेवर पहिली नांगरट चालू असेल तर ती पाहिल्याशिवाय घरी जाऊ नये. गायबगळे एरवी पांढरे असतात, परंतु या दिवसांत त्यांच्या डोक्यावर व गळ्यावर केशरी झाक येते. नांगरामागून किंवा ट्रॅक्टरमागून चालत ते आणि साळुंक्या उघडी पडलेली हुमणी, अळ्या व कोष वेचतात. भाताच्या धसकटात खोडकिड्याची अळी दडून राहते, हे आपण व्याख्यानांतून सांगतोच. धसकटे वेळेवर उलथली तर ऊन व पाखरे तिचा पुष्कळसा निकाल लावतात. कोतवाल गुरांच्या पाठीवर बसून, त्यांच्या पायांमुळे उडणारे किडे पकडतो. त्याला कोतवाल हे नाव उगीच मिळालेले नाही. घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला आणि घारीलाही तो पिटाळतो, म्हणून त्याच्या झाडाच्या आश्रयाने दुबळे पक्षीही घरटी करतात.

घुबडाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण त्याच्याविषयी अज्ञानाहून भीती जास्त आहे. जुन्या वाड्यात, देवळाच्या शिखरात किंवा गोदामाच्या आढ्यात गव्हाणी घुबड राहत असेल, तर त्याच्या बसण्याच्या जागेखाली अंगठ्याएवढे काळसर गोळे पडलेले सापडतात. ती विष्ठा नव्हे. न पचलेले केस व हाडे घुबड तोंडावाटे टाकते. असा गोळा पाण्यात भिजवून काडीने फोडावा. आत उंदरांच्या कवट्या आणि पिवळट सुळे निघतील. एका गावच्या सभेत मी हा प्रयोग केला, तेव्हा घुबड घरावर बसले तर माणूस दगावतो असे म्हणणारे गृहस्थ कवट्या मोजण्यात इतके रंगले, की मूळ वाद तसाच राहिला. याच कुळातील रानपिंगळा १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणाला सापडला नव्हता. १९९७ साली तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या रानात पुन्हा आढळला आणि २०१४ साली आपल्या शेजारच्या तानसा अभयारण्यात. जगात फार थोड्या ठिकाणी उरलेला पक्षी आपल्या भातखाचरांपासून काही कोसांवर राहतो, ही गोष्ट गावच्या शाळेच्या फळ्यावर लिहिण्यासारखी आहे.

पाखरांचा शेतीशी असलेला हिशेब शास्त्रज्ञांनी फार पूर्वी मांडावयास घेतला होता. बिहारमधील पुसा येथील कृषि संशोधन संस्थेतून मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९१२ साली भारतीय पक्ष्यांच्या आहारावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पक्ष्यांच्या पोटातील अन्न तपासून कोणता पक्षी पिकाला हितकर व कोणता अहितकर, हे त्यांनी ठरविले. १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरणीचा अभ्यास करणाऱ्या सालिम अलींनी १९३६ साली याच विषयावर लेख लिहून त्याची उपेक्षा निदर्शनास आणली. दुसऱ्या बाजूस, हिशेब न मांडता हात उचलला तर काय होते याचे उदाहरण चीनमध्ये घडले. १९५८ साली तेथे चिमणीला धान्याची शत्रू ठरवून देशभर तिचा संहार करण्यात आला. पुढे किडींचा उपद्रव वाढला आणि १९६० साली चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून ढेकणाचे घालावे लागले. त्या काळच्या तेथील दुष्काळाला इतर अनेक कारणे होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मी पाखरांची वकिली करण्यास बसलेलो नाही. मुनिया आणि चिमण्या पिकलेल्या लोंबीवर उतरतात. पानांची शिवण घालून झाडावर घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या, ज्यांना कोकणात ओंबील म्हणतात, त्या अळ्या मारतात हे खरे, आणि चीनमधील शेतकरी त्यांची घरटी संत्र्याच्या बागांत टांगीत असल्याची नोंद सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची सांगितली जाते. पण त्याच मुंग्या पिठ्या ढेकणांना जपतात व फळे काढणाऱ्याला कडकडून चावतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून ज्याला मान दिला, त्या काळ्या-निळ्या फुलपाखराची अळी लिंबाच्या कुळातील झाडांचीच पाने खाते. शत्रू व मित्र अशी कायमची विभागणी निसर्गात नाही, आणि म्हणूनच छापील तक्त्यावर विसंबता येत नाही. शेतात पक्षीथांबे उभारण्याची शिफारस आपण करतो, ती योग्यच आहे. परंतु दाणा भरू लागताच तेच थांबे काढून घेण्यास सांगावयाचे पुष्कळ जण विसरतात, आणि मग पाखरांवर बोल येतो. खोडकिड्याचा प्रादुर्भाव हाताबाहेर गेला तर पाखरे तो थांबवू शकणार नाहीत, औषध वापरावेच लागेल. माझे म्हणणे इतकेच, की गाभेमर मोजल्याशिवाय, सुमारे ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली की नाही हे पाहिल्याशिवाय, पंप पाठीवर घेऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. टाळता येईल अशी एकेक फवारणी टाळणे हा केवळ खर्चाचा प्रश्न राहिलेला नाही.

आता अवघड भागाकडे येतो. ज्या सहा-सात आठवड्यांत ही पाखरे घरटी करतात, त्याच आठवड्यांत आपण रान पेटवितो. मोहाची फुले वेचण्यास सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो आणि आग डोंगरावर चढते. नवे गवत चांगले फुटावे म्हणून कोणी काडी लावतो, तर कोणी निष्काळजीपणाने विडी टाकतो. टिटवी, तित्तर, रातवा हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. वणव्यातून त्यांची अंडी वाचत नाहीत. काजव्यांची हानी तर डोळ्यांना दिसतही नाही. मेच्या अखेरीस व जूनच्या आरंभी झाडे लुकलुकू लागली की आपण कौतुक करतो, भंडारदऱ्याच्या बाजूला तर ते पाहण्यासाठी मोटारींची रीघ लागते. परंतु उडणारा काजवा थोड्या दिवसांचा सोबती असतो. त्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपाने ओलसर पाचोळ्यात जाते आणि तेथे ती गोगलगाई खाऊन वाढते. भाजीपाल्याची रोपे रात्रीत फस्त करणाऱ्या गोगलगाईंसाठी आपण विषारी आमिषे मांडतो, आणि त्यांना खाणारी अळी ज्या पाचोळ्यात राहते तो पाचोळा जाळून टाकतो.

येथे राबाचा प्रश्न येतो. राब भाजणे हे अडाणीपण आहे असे मी म्हणणार नाही. शेण, टहाळ, पाला व गवत यांचे थर देऊन जमीन भाजली म्हणजे तणाचे बी मरते, राख मिळते, रोप जोमदार येते. आपल्या वाडवडिलांनी हे अनुभवाने ठरविले होते. ब्रिटिश अमदानीत राबासाठी टहाळ तोडण्यावर बंधने आली तेव्हा ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी एवढी तक्रार केली, की १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगाला त्या प्रश्नाचा तपशिलाने विचार करावा लागला. ज्याच्या शेजारी भरपूर रान आहे व लोकवस्ती विरळ आहे, त्याला राब परवडत होता. आज ऐनाची झाडे दरसाल ओरबाडून बोडकी उभी आहेत आणि फांदीबरोबर घरटेही खाली येते. राबाला पर्याय आहेत. चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळण्यास सांगतात, तीतील सिलिकामुळे रोप कणखर होते. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला खाचरात गाडता येतो. गादीवाफ्यावर वेळच्या वेळी तण काढले तर भाजण्याची जरूर पडत नाही. हे पर्याय आपण सांगतो, पण ते खताच्या प्रकरणात सांगतो. ऐनावरच्या घरट्याशी आणि पाचोळ्यातल्या काजव्याशी त्यांचा संबंध जोडून दाखवीत नाही. संबंध दिसला तर माणूस लवकर वळतो, असा माझा अनुभव आहे.

गलोलीबद्दलही बोलले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी आहे, हे सांगणे कार्यकर्त्याचे कर्तव्य होय. पण वाडीवरच्या पोराला कायद्याचे कलम ऐकवून त्याच्या गळ्यातली गलोल उतरत नाही. त्याची नजर आपल्याहून तीक्ष्ण आहे. कोणता पक्षी कोठे विणीला बसला हे त्याला पाठ असते. कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. त्या धड्याचा आपण पुन्हा उपयोग का करू नये? गुराखी मुलांना व मुलींना फेरीचे वाटाडे करावे. पक्ष्याचे वारली नाव काय, कातकरी नाव काय, हे त्यांनी सांगावे व आपण वहीत लिहावे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत असताना आदिवासी सोबत्यांकडून पक्ष्यांची कितीतरी नावे गोळा केली; ती मराठी भाषेच्या पदरी पडली. ज्याच्याकडून आपण नाव शिकतो, त्याला गलोल खाली ठेवण्यास सांगण्याचा थोडा तरी अधिकार आपल्याला मिळतो.

आणखी एक अडचण कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. बोईसरच्या आसपासच्या गावांतून तरुण मंडळी कारखान्यांत पाळीवर जातात. शेत बहुतेक बायका आणि वयस्क माणसे यांच्या हाती असते. दुपारी चावडीवर सभा बोलाविली तर जे प्रत्यक्ष फवारणी करतात किंवा करवून घेतात ते हजरच नसतात. पहाटेची फेरी या दृष्टीने सोयीची आहे. बायका पाण्याला व सरपणाला त्या वेळी निघतात, आणि रात्रपाळी करून परतणारा मुलगाही घरी निजण्यापूर्वी बांधापर्यंत येऊ शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तेथे वणव्याचा बंदोबस्त ग्रामसभाच करू शकते. अशा गावी फेरीचा शेवट ग्रामसभेतच करावा व जाळरेषा कोठे काढावयाची हे त्याच दिवशी ठरवावे.

म्हणून माझी सूचना अशी, की खरीपपूर्व सभेच्या आधी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावी निदान तीन पहाटे अशी फेरी काढावी. एक खाचराच्या बांधावरून, एक पाणवठ्यावर आणि एक जवळच्या रानात; ज्यांना तुंगारेश्वर सोयीचे आहे त्यांनी तिसरी फेरी तेथे काढावी, इतरांनी काळदुर्ग, अशेरी किंवा गावची देवराई पुरेशी मानावी. अंडी, घरटी, किडे यांना हात लावू नये. सूर्या नदीच्या डोहांत मासे मारण्यासाठी कोणी विष टाकीत असेल तर त्या पाण्यात चतुराची पिलेही असतात, हे त्याला दाखवावे. वहीत चार गोष्टी लिहिल्या तरी पुरे आहेत: तारीख, जागा, काय दिसले आणि ते काय खात होते. हीच वही भाद्रपदात पुन्हा उघडावी आणि खाचरात त्यांपैकी कोण कोण आले आहे ते पाहावे. दोन वर्षांत प्रत्येक गावचा स्वतःचा तक्ता तयार होईल, व तो छापील तक्त्यापेक्षा खरा असेल.

या सूचनेवर एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले, की प्रवास-दैनंदिनीत या तीन सकाळी कोणत्या कामावर दाखवावयाच्या? पाखरे पाहिली असे लिहिले तर वरिष्ठ काय म्हणतील? त्यांनी 'पीक-संरक्षण : खरीपपूर्व निरीक्षण' असे लिहावे, आणि शेरा विचारला गेला तर वही दाखवावी.